नॉर्मल कौतिकाबाई

नॉर्मल माणूस मिळणं किती कठीण असतं, हे मला ब्रह्मपुरीत कळलं. आजारी माणसं पाहिजे तितकी मिळतात, सकाळपासून दारात बसून राहतात. पण एखाद्या धडधाकट म्हाताऱ्याला म्हणून बघा, "तुम्हाला काही झालेलं नाही, म्हणूनच जरा तपासायला या." तो आधी तुमच्याकडे संशयानं बघेल आणि मग दाराकडे.

मी तेव्हा तिथल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात होते. नंबर काढणं, डोळ्याचं प्रेशर मोजणं, पडद्याचे फोटो घेणं ही माझी कामं. त्या वर्षी नागपूरच्या एका मोठ्या कॉलेजनं आमच्याकडे एक नवं यंत्र पाठवलं. त्यावर हनुवटी टेकवायची, समोरच्या हिरव्या खुणेकडे थोडा वेळ न हलता बघायचं, की डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या आणि त्यांतून वाहणारं रक्त चित्रात उमटायचं. सुई नाही, रंगाचं औषध नाही. डोळ्याचा पडदा म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला तुकडा. मग अल्झायमरमध्ये, म्हणजे माणूस हळूहळू सगळं विसरत जातो त्या आजारात, या बारीक वाहिन्यांमध्येही काही फरक पडतो का, हे त्या कॉलेजच्या लोकांना बघायचं होतं. त्यासाठी आजार असलेली माणसं हवी होती, आणि ताडून बघायला त्याच वयाची, आजार नसलेलीही हवी होती. या दुसऱ्यांना आम्ही कामाच्या भाषेत 'नॉर्मल' म्हणायचो.

आमच्या डॉक्टर मॅडम मूळच्या धानोऱ्याच्या. त्यांनी दर्शनी भिंतीवर सूचना लावली, चष्म्यासाठी आलेल्या म्हाताऱ्यांना स्वतः समजावून सांगितलं. 'विसरण्याचा आजार' हे शब्द ऐकले की माणसं उठून उभी राहायची. एक दुकानदार तर "मले पागल समजलं का?" म्हणून चष्मा न घेताच घरी गेले.

अशा दिवसांत एका सकाळी बाकड्यावरून आवाज आला, "काऊन वो मॅडम, हे नॉर्मल नॉर्मल लावून राह्यल्या तुमी, ते काय असते?"

मी न बघताच ओळखलं. तो आवाज मी रोज पहाटे उशीत डोकं खुपसून ऐकायचे.

कौतिकाबाई माझ्या खोलीसमोर राहायच्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज धानाच्या मळणी यंत्रासारखा. त्या हळू बोलायच्या तेव्हाही पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसायचं. बोलताना समोरच्याचं मनगट धरायची त्यांना सवय होती. आपलं बोलणं पुरं झाल्याशिवाय त्या मनगट सोडायच्या नाहीत, आणि बोलणं पुरं व्हायचंच नाही. विनोद सांगताना तो संपण्याआधीच स्वतः हसायला लागायच्या, त्यामुळे त्यांचे बहुतेक विनोद शेवटाशिवायच गल्लीत फिरत असत.

"ज्याला काही झालेलं नाही तो नॉर्मल," मॅडम म्हणाल्या.

"मंग मी आहो ना! मले काई झालं नाई. झालं ते ह्यायले झालं." आणि त्यांनी शेजारी बसलेल्या नवऱ्याच्या मांडीवर थाप मारली.

देवाजीभाऊ खाकी शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावून ताठ बसले होते. वनखात्यात गार्ड म्हणून त्यांचा जन्म गेला होता. पोंभुर्ण्याच्या जंगलात, मग गडचिरोलीकडे. निवृत्त होऊन ब्रह्मपुरीत आले आणि काही वर्षांत विसरायला लागले. आधी चष्मा, मग नातेवाइकांची नावं, मग आपण जेवलो की नाही. नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा कौतिकाबाई म्हणे दवाखान्याच्या पायरीवर थोडा वेळ बसून राहिल्या आणि मग उठून म्हणाल्या, "झालं ते झालं. आता काय रांधाचं ते बोला." हे त्यांचं कायमचं वाक्य होतं. भिंत पडो, दूध नासो, पाहुणे न सांगता येवोत, त्या हेच म्हणायच्या आणि लगेच कामाला लागायच्या.

गल्लीत कौतिकाबाई कुणालाच नावानं हाक मारत नसत. मी कोरपन्याची, म्हणून माझं नाव 'कोरपना'. मॅडम 'धानोरा'. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे रशीदभाई मूळचे वरोऱ्याचे, ते 'वरोरा'. निवृत्त हेडमास्तर ढोरे गुरुजींना त्या तोंडावर 'पोंभुर्णा' म्हणायच्या आणि ते चिडायचे. मला आधी ही त्यांची गंमत वाटली होती. एकदा त्यांच्या घरी चहा प्यायला गेले तेव्हा कारण कळलं.

"कोन हाय हे?" देवाजीभाऊंनी माझ्याकडे बघून विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"कोरपन्याची हाय," कौतिकाबाई म्हणाल्या.

"असं का?" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "काळी जमीन तिकडची. कापूस चांगला होते. पाऊस आला का नाई यंदा?"

नावं गेली होती, पण गावं अजून शाबूत होती. म्हणून कौतिकाबाईंनी सगळ्या माणसांना गावाच्या खुंटीला टांगून ठेवलं होतं, नवऱ्याचा हात पोचेल अशा ठिकाणी.

देवाजीभाऊंना रोज सकाळी बीटवर, म्हणजे गार्डानं राखायच्या जंगलाच्या पट्ट्यावर, जायचं असे. खाकी शर्ट, हातात काठी, आणि निघाले जंगल बघायला. आधी बाईंनी दाराला कडी लावून पाहिली. तेव्हा हा शांत माणूस दारावर काठी आपटायचा, "ड्यूटी हाय माही!" म्हणून ओरडायचा. एकदा नजर चुकवून ते आरमोरीच्या रस्त्याला लागले. एका जीपवाल्यानं ओळखून आणून सोडलं, नाहीतर काय झालं असतं सांगता येत नाही. त्या दिवसानंतर बाईंनी कडी काढून टाकली. त्या आमच्या रस्त्यावरच्या दुकानादुकानांत गेल्या, एकेकाचं मनगट धरलं आणि सांगितलं, "आमचे साहेब आले की रिपोर्ट मागाचा. अन् मंग परत लावून द्याचे."

तेव्हापासून आमचा रस्ता देवाजीभाऊंचा बीट झाला. किराणावाला विचारायचा, "साहेब, वनवा त नाई लागला ना?" ते म्हणायचे, "नाई, जाळरेषा साफ हाय, आग इकडं येत नाई." पुढे रशीदभाईंचं दुकान. ते डोळ्याला भिंग लावून घड्याळात वाकलेले असायचे, पण काठीचा आवाज ऐकला की उभे राहायचे.

"साहब, आज क्या खबर?"

"कुऱ्हाडबंदी हाय. कोनी लाकूड तोडाचं नाई."

"जी साहब. अब मुक्कामाले चला. खाना तयार असन."

देवाजीभाऊ मान हलवून मागे फिरायचे. रशीदभाईंचं दुकान म्हणजे बीटची हद्द. त्यापुढे जंगल दुसऱ्या गार्डचं, असं रशीदभाईंनीच त्यांना पटवून दिलं होतं. घरी दारात कौतिकाबाई फुटाण्यांची वाटी घेऊन उभ्या असायच्या. "या साहेब," म्हणायच्या, "काई जनावर दिसलं का?"

यंत्रावर देवाजीभाऊंचं चित्र काढायचं म्हणजे मात्र मोठं काम होतं. हनुवटी टेकवली की त्यांना वाटायचं, न्हावी आला. ते डोळे मिटून घ्यायचे. मी म्हणायचे, "भाऊ, हिरव्या खुणेकडे बघा." ते बघायचे, पण का बघायचं हे लगेच विसरायचे आणि वळून मला विचारायचे, "काय म्हनलं?" डोळा जरा हलला तरी चित्रात आडव्या रेघा येतात आणि ते फुकट जातं. मी पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मॅडम म्हणाल्या, "राहू द्या, त्यांना त्रास नको." आमच्या कामाचा तो नियमच होता, माणूस कंटाळला की थांबायचं.

कौतिकाबाई मागे उभ्या होत्या. त्या खाली वाकल्या आणि मी कधी ऐकला नव्हता अशा अगदी दबक्या आवाजात नवऱ्याच्या कानाशी म्हणाल्या, "हलू नका. समोर पानवठ्यावर हाय."

देवाजीभाऊ थिजले. पाठ सरळ झाली, खांदे खाली आले, श्वास इतका हळू झाला की तो चालू आहे की नाही ते कळेना. त्यांची नजर हिरव्या खुणेवर अशी रुतली की मी आजवर एवढं स्थिर कुणी पाहिलेलं नाही. यंत्र गुणगुणलं, थांबलं. पडद्यावर चित्र आलं, झाडाच्या पानातल्या शिरांसारख्या एकूणएक वाहिन्या स्वच्छ.

"गेली," देवाजीभाऊ हळूच म्हणाले. "मादी होती. पिल्लं मागं राह्यले."

मॅडम तोंडाला पदर लावून बाहेर गेल्या. हसू आवरत नव्हतं म्हणून की आणखी कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर प्रत्येक तपासणीला वाघीण पाणवठ्यावर यायची. एकदा बाईंनी बदल म्हणून रानगवा आणला, पण त्याला देवाजीभाऊंनी भीक घातली नाही. म्हणाले, "गवा त रोजच दिसते."

त्याच दिवशी कौतिकाबाईंचंही चित्र काढलं, रक्तदाब बघितला, आणि आठवणीची परीक्षा घेतली. परीक्षेत तारीख विचारायची असते. "तारीख काय करता?" त्या म्हणाल्या. "आज बाजाराचा दिवस हाय, अन् वांगे महाग हायेत." पण वार, महिना, साल सगळं त्यांनी सांगितलं. मग मॅडमनी पाच शब्द सांगितले: बैल, खिडकी, चिंच, दोर, चंद्र. थोड्या वेळानं ते परत म्हणायचे. बाईंनी ते सुलटे म्हटले, उलटे म्हटले आणि वर बैलाला दोर बांधून चिंचेखाली उभा केला.

"तुम्ही अगदी नॉर्मल आहात," मॅडम म्हणाल्या.

एवढ्या साध्या वाक्याचा एखाद्याला इतका आनंद झालेला मी बघितला नव्हता. गेली काही वर्षं त्यांना सगळीकडून एकच ऐकू येत होतं, बिचारी, काय नशिबी आलं हिच्या. आता त्यांना शिक्का मिळाला. त्या गल्लीत शिरल्या त्याच सांगत, "मले पास केलं! मशीननं पास केलं! मी नॉर्मल आहो!" दोन दिवस कुणाशी भाजीवरून घासाघीस झाली तरी म्हणायच्या, "मले नोको शिकवू, मी नॉर्मल आहो. मशीनले इचार."

मग मॅडमनी त्यांना सहज सांगितलं, की आम्हाला अजून पुष्कळ नॉर्मल हवे आहेत. सहज सांगितलं म्हणायचं, पण मॅडमनी त्यांची निवड नीट पारखून केली असावी, असं मला अजून वाटतं.

पुढच्या आठवड्यात कौतिकाबाईंनी ब्रह्मपुरीतले नॉर्मल गोळा करायला सुरुवात केली. भाजीबाजारात, धान गिरणीवर, भजनाला, कुठंही साठीच्या पुढचा माणूस दिसला की मनगट धरायच्या. "भाऊ, तुमी नॉर्मल हाय का?" माणूस गांगरायचा. नाही म्हणावं तर पंचाईत आणि हो म्हटलं तर दवाखान्यात चला. ढोरे गुरुजी भडकले. "म्हणजे काय? चाळीस वर्षं मुलं घडवली मी!"

"म्हनूनच त इचारून राह्यली, पोंभुर्णा. तुमच्यासारखा हुशार मानूस नाई आला त लोक म्हनन, गुरुजी भेले."

गुरुजी आले. रशीदभाई आले, येताना मेहुण्याला घेऊन आले. भजनातल्या बायका एकत्र आल्या आणि हॉस्पिटलात हळदीकुंकवासारखी गर्दी झाली. आमचं काम भराभर पुढं सरकू लागलं. फक्त एक गोष्ट मॅडमच्या लक्षात आली. आठवणीच्या परीक्षेत सगळेच्या सगळे पैकीच्या पैकी होते. गुरुजी आत येऊन खुर्चीवर बसले आणि मॅडमनी तोंड उघडायच्या आधीच म्हणाले, "बैल, खिडकी, चिंच, दोर, चंद्र."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. मी खिडकीबाहेर. बाहेर बाकड्यावर कौतिकाबाई भजनाच्या बायकांकडून चालीवर पाठ करून घेत होत्या.

"बाई," मॅडमनी त्यांना आत बोलावून विचारलं, "हे काय केलं?"

"काय केलं? नापास झाले असते त बिचाऱ्याले वाईट नसतं वाटलं का?"

"अहो, पेपर फुटला ना आमचा!"

"झालं ते झालं," कौतिकाबाई म्हणाल्या. "आता दुसरे शब्द काढा. मी नाई सांगत कोनाले." नागपूरला फोन करून मॅडमनी झाला प्रकार कळवला, शब्द बदलून आणले, आणि तोवर झालेल्या सगळ्यांची परीक्षा नव्यानं घेतली. या खेपेला गुरुजी पाचातले तीन सांगू शकले. ते वयाला अगदी साजेसं आहे असं मॅडमनी त्यांना परोपरीनं सांगितलं, तरी ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

एका दुपारी गर्दी नव्हती. मॅडमनी कौतिकाबाईंना त्यांचं आणि देवाजीभाऊंचं चित्र शेजारी शेजारी दाखवलं. बाई खुर्ची ओढून बराच वेळ बघत राहिल्या.

"हे त आमच्या धानाच्या बांधीतल्या पाटावानी हाय," त्या म्हणाल्या. "तलावातून पानी निंगते, मोठा पाट, लहान पाट, मंग बांधीबांधीत. ह्यायचं टेलपर्यंत, शेवटच्या बांधीपर्यंत, पानी कमी जाऊन राह्यलं का?"

"तसं वाटतंय. पण एका माणसाच्या चित्रावरून काही ठरवता येत नाही, बाई. वयानंही होतं, कशानंही होतं. पुष्कळ माणसांची बघितल्यावर थोडंफार कळेल. तेही कदाचित."

"अन् कळल्यावर? ह्यायले काई फायदा?"

मॅडम चित्रावरून बाईंकडे वळल्या. "नाही. यांना नाही होणार."

मला वाटलं, बाई आता उठतील. त्यांनी मॅडमचं मनगट धरलं. "मंग तसं सांगत जा सगळ्याले, धानोरा. पयलेच सांगत जा. मानूस आस लावून बसते ना. मी लावली होती."

"मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"सांगतलं असन. पन हळू सांगतलं." आणि त्या आपल्या नेहमीच्या आवाजात हसल्या. "जोरानं सांगाचं. मी येतो म्हनलं होतं ना? येईन. पुढच्या कोनाचं तरी भलं होईन."

त्यानंतर मॅडम कुणालाही समजावताना ते वाक्य सगळ्यात आधी आणि खरोखरच मोठ्यानं म्हणायच्या.

पुढच्या वर्षी सगळ्यांची पुन्हा चित्रं काढायची होती. देवाजीभाऊंची वाघीण येऊन गेली. मग कौतिकाबाई खुर्चीवर बसल्या, फुटाणे चघळत, "मी काय, पासच आहो" म्हणत. उजवा डोळा झाला. डावा लावला आणि माझा हात थांबला. पडद्याच्या वरच्या भागात, जिथं खालचं दृश्य उमटतं, एका कोपऱ्यात वाहिन्यांची जाळी संपली होती. तिथं रक्तच वाहत नव्हतं, नुसता काळा डाग. मी मॅडमना बोलावलं. त्यांनी आधी चित्र बघितलं, मग बाईंचा रक्तदाब मोजला. तो चांगलाच वर चढला होता.

"बाई, या डोळ्यानं कमी दिसतं का?"

"नाई त. खालतून जरा धूर दिसते."

"कधीपासून?"

"पावसाळा सरला तवापासून. मले वाटलं चुलीचा हाय."

"तुमच्याकडं गॅस आहे ना?"

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यायच्या मांगं पळता पळता टाइम कुठी हाय वो? उंबरठ्यावर दोनदा पडली मी. म्हनलं, म्हातारी झाली."

पडद्यातली एक शीर बंद पडली होती. त्यामुळं पाणी साचून सूज नजरेच्या मध्यापर्यंत येत होती. मॅडमनी सगळं समजावलं. रक्तदाबाच्या गोळ्या रोज घ्यायच्या आणि डोळ्यात महिन्यामहिन्यानं इंजेक्शन. लवकर सापडलंय, नजर वाचेल, पण टाळलं तर नाही. आणि हो, आता त्यांना अभ्यासात नॉर्मल म्हणून धरता येणार नाही.

"मंजे मले नापास केलं?"

"या डोळ्यापुरतं."

त्या हसल्या नाहीत.  बाहेर देवाजीभाऊ बाकड्यावर काठी धरून त्यांची वाट बघत होते. त्यांच्याकडे बघत त्या एवढंच म्हणाल्या, "मले दिसलं नाई त ह्यायले कोन पाहीन, कोरपना?"

याचं उत्तर रशीदभाईंनी दिलं. संध्याकाळी ते, गुरुजी आणि भजनातल्या दोघी बाईंच्या अंगणात येऊन बसले. बाई चहा टाकायला उठल्या तर गुरुजींनी त्यांना बसवलं. "आम्ही नॉर्मल आहोत ना? मग नॉर्मल माणसानं करायचं काय असतं?" इंजेक्शनच्या दिवशी सकाळचा बीट रशीदभाई सांभाळणार, दुपारी गुरुजी बसणार, स्वयंपाक बायका करणार. बाई ऐकत राहिल्या आणि शेवटी डोळे पुसून म्हणाल्या, "झालं त मंग. पन भाजीत तेल कमी टाकजा, ह्यायले पचत नाई."

पहिल्या इंजेक्शनला त्यांना इतकी भीती वाटत होती की त्यांनी माझ्या मनगटावर बोटांचे वळ उठवले. प्रत्यक्षात ते चुटकीसरशी झालं. "बस, इतकंच?" त्या म्हणाल्या. "याहून त मुंगी जोरानं चावते." डोळ्यावर पट्टी लावून मी त्यांना बाहेर आणलं. देवाजीभाऊ रशीदभाईंबरोबर बाकड्यावर होते. पट्टी बघून ते ताडकन उठले.

"अस्वलानं धरलं का?"

मोहफुलांच्या दिवसांत अस्वल पहिल्यांदा तोंडावरच झेप घेतं, हे त्यांनी आयुष्यात किती वेळा बघितलं असेल कोण जाणे. कौतिकाबाईंनी एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघितलं.

"हो साहेब," त्या म्हणाल्या. "धरलं."

"कोनच्या बीटात?"

"तुमच्याच."

"मंग पंचनामा करा लागन. नुकसान भरपाई भेटन तुमाले, भेवू नका." आणि त्यांनी बाईंचा हात धरला. इतकी वर्षं बाई त्यांचा हात धरून चालल्या होत्या, आज ते पुढं झाले. काठीनं रस्ता मोकळा करत, "बाजूले व्हा, जखमी बाई हाय," असं सायकलवाल्यांना, ऑटोवाल्यांना, एका बैलालाही सांगत त्यांनी बाईंना घरापर्यंत नेलं. मागं रशीदभाई आणि मी. पुढं कौतिकाबाई नवरीसारख्या मान खाली घालून चालत होत्या, आणि हसण्यानं त्यांची पाठ हलत होती.

नजर वाचली. डाव्या डोळ्याच्या खालच्या कोपऱ्यात थोडा धूर राहिला, तो कायमचाच. त्याच्याशी त्यांनी जुळवून घेतलं. "तिकडून कोनी आलं त मान वळवाची," असं म्हणायच्या. रक्तदाबाची गोळी मात्र रोज सकाळी देवाजीभाऊंच्या गोळीबरोबरच घेऊ लागल्या. आणि भजनातल्या एकेकीला, कुणाला धूर दिसो न दिसो, डोळे तपासायला पिटाळू लागल्या. अभ्यास संपला, चित्रं नागपूरला गेली, यंत्रही परत गेलं. पुष्कळ माणसांची चित्रं एकत्र बघून काय निघतं, ते तिथले लोक अजून तपासत आहेत असं मॅडम म्हणतात. माझी बदली चंद्रपूरला झाली.

नंतर वर्षभरानं आमच्या हॉस्पिटलातल्या एका सिस्टरच्या लग्नाला मी ब्रह्मपुरीला गेले. दुपारची वेळ. मंडपात टेबल-खुर्च्यांची पंगत बसत होती. एका रांगेत देवाजीभाऊ दिसले. बरेच वाळले होते. धुतलेला पांढरा शर्ट, आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर उजव्या हाताचा पंजा घट्ट दाबून बसले होते. कुणी बसायला आलं की म्हणायचे, "इथी मानूस येनार हाय."

मागं कौतिकाबाई उभ्या होत्या. मला बघून मनगट धरलं.

"बाई, बसा ना, वाढायला आले."

"मलेच बसू देऊन नाई राह्यले," त्या म्हणाल्या. "बायको येनार हाय म्हनते त्यायची. मी म्हनलं, कशी हाय वो तुमची बायको? त म्हनते, बोलते लय." आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता पदरानं डोळे पुसले, दोन्ही. "थांब कोरपना, आनतो त्यायची बायको."

त्या मंडपाबाहेर गेल्या, हात धुवायच्या टाकीवर तोंड धुतलं, आणि मोठ्या दारातून समोरूनच आत आल्या. अर्ध्या मंडपातूनच त्यांनी वाढप्यांना हाक दिली, "अरे, भात पाठवा इकडं! मानसं उपाशी बसवले का?"

पंगतीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. देवाजीभाऊंनीही डोकं वर केलं. त्यांचा पंजा खुर्चीवरून उठला. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी खुर्ची पुसली.

"कुठी राह्यली होती? पंगत उठन आता."

"आली ना मंग," कौतिकाबाई म्हणाल्या आणि बसल्या.

देवाजीभाऊंनी आपल्या ताटातली बुंदी उचलून बायकोच्या ताटात ठेवली. मग मघाशी जागा मागितलेला एक माणूस अजून तिथंच घुटमळत होता, त्याच्याकडे वळून म्हणाले, "आता बसा भाऊ कुठीही. आमचं मानूस आलं."